अथांगाचा थांग : सागरतळाच्या नकाशाची शंभर वर्षे

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथासाठी एखादा ऐतिहासिक लेख लिहावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा प्रथम मनात आले ते अर्थातच वाङ्मयीन विषय. मराठीच्या अध्यापकाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती असणार? परंतु विषयांची यादी करीत असता वाचनालयाच्या संदर्भ विभागातील एक जुना नकाशा डोळ्यांसमोरून हलेना. आमच्या पिढीतील सभासदांना तो आठवत असेल. वृत्तपत्रांच्या टेबलामागील भिंतीवर तो टांगलेला असे. हिंदी महासागराचा नकाशा. पण त्यात पाणी नव्हते! सारे पाणी उपसून काढल्यावर समुद्राचा तळ जसा दिसेल, तसा तो रंगविलेला होता. अरबी समुद्राच्या मध्यभागी सह्याद्रीहून कितीतरी लांब अशी एक पर्वतरांग वाकडीतिकडी जात होती. शाळकरी वयात त्या नकाशासमोर उभा राहून मी तासच्या तास घालविले आहेत. समुद्र आमच्या दारात होता, भरती-ओहोटी अंगवळणी पडलेली होती. पण त्या पाण्याखाली डोंगर असतील, हे कधी मनात आले नव्हते. हे डोंगर पाहिले कोणी आणि पाण्याखालचे चित्र काढले कसे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे. आज पन्नाशी उलटल्यावर त्याचे उत्तर लिहावयास बसलो आहे. मी भूशास्त्राचा अभ्यासक नव्हे. जे वाचले आणि समजले, तेवढेच वाचकांपुढे ठेवीत आहे.

वाव आणि शिसे

आपल्या भाषेत ‘थांग’ आणि ‘ठाव’ असे दोन सुंदर शब्द आहेत. ज्याचा थांग लागत नाही ते अथांग. आज हा शब्द आपण आकाशाला लावतो, मायेला लावतो, दुःखालाही लावतो. पण मुळात तो पाण्याचा शब्द आहे. तळाला काठी वा दोरी टेकली की थांग लागला. खोली मोजण्याचे ‘वाव’ हे मापही शरीराचेच : दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढे अंतर, तेवढे एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. दोरी वर ओढताना नावाडी हात पसरून ती मोजत जाई आणि त्यातूनच हे माप रूढ झाले. इंग्रजांचे ‘फॅदम’ हे मापही नेमके याच कृतीतून आलेले आहे. समुद्रावर वावरणाऱ्या माणसांनी जगभर एकच युक्ती योजावी, हे मोठे गमतीचे वाटते.

दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या बुडाला खळगा करून त्यात भरलेली चरबी, ही साधी सामग्री शतकानुशतके चालत आली. चरबीला वाळू चिकटून आली की चिखल, शंख की खडे, हे पाहून अनुभवी तांडेल काळोखातही आपण कोठे आहोत ते सांगत असे. किनाऱ्याजवळ एवढे ज्ञान पुरेसे होते. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरपर्यंत समुद्रबूड जमिनीचा उथळ भाग आहे. तेथे ही दोरी पोचते. त्यापुढे मात्र तळ एकदम खाली जातो आणि दोरी निरुपयोगी ठरू लागते. खोल समुद्रात गोळा तळाला टेकला तरी हाताला ते कळत नाही. दोरी स्वतःच्या वजनाने आणि प्रवाहाच्या ओढीने सुटतच राहते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महासागरांची खोली हा तर्काचाच विषय होता. अमेरिकी नौदलातील मॅथ्यू मॉरी याने उत्तर अटलांटिकच्या खोलीचा पहिला नकाशा १८५४ च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्यास आधार होता जेमतेम दोनशे मापनांचा. समुद्रातून तारायंत्राची तार टाकावयाची होती, म्हणून तळाची चौकशी सुरू झाली होती. व्यवहाराची गरज आणि शुद्ध जिज्ञासा यांची ही जोडी पुढेही सुटलेली नाही.

२१ डिसेंबर १८७२ रोजी ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज पोर्ट्समथहून निघाले आणि २४ मे १८७६ रोजी परतले. साडेतीन वर्षांत त्याने सुमारे सत्तर हजार सागरी मैलांचा प्रवास केला. आधुनिक समुद्रविज्ञानाचा आरंभ या सफरीपासून मानतात. तिचा अहवाल पन्नास खंडांत निघाला. परंतु इतक्या मोठ्या सफरीत खोल समुद्राची मापने झाली ती अवघी ४९२. जहाज थांबवावयाचे, तागाची दोरी सोडावयाची, वाफेच्या यंत्राने ती पुन्हा गुंडाळावयाची. एका ठिकाणच्या कामाला काही तास लागत. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिकमध्ये मारियाना बेटांच्या परिसरात त्यांना ४४७५ वाव, म्हणजे आठ किलोमीटरहून अधिक खोली मिळाली. अटलांटिकच्या मध्यभागी तळ उंचावलेला आहे, हेही या मापनांतून दिसले. मात्र तो उंचवटा डोंगरांचा की सपाट पठाराचा, हे सांगता येईना. शंभर-शंभर कोसांवर एकेक टाचणी टोचून सह्याद्रीचे चित्र काढण्यासारखाच हा प्रकार होता.

आवाजाची दोरी

तागाच्या दोरीची जागा शेवटी आवाजाने घेतली. प्रकाश पाण्यात फार खोलवर जात नाही, ध्वनी मात्र हवेतल्यापेक्षा चारपट वेगाने आणि दूरवर जातो. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलादों व स्टुर्म या दोघांनी हा वेग मोजला. एका होडीतून पाण्याखालची घंटा वाजवावयाची आणि त्याच क्षणी बंदुकीची दारू पेटवून उजेड करावयाचा. कित्येक किलोमीटरांवरील दुसऱ्या होडीत बसलेल्याने उजेड दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजावयाचा. उत्तर आले सेकंदाला १४३५ मीटर. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा वेग सुमारे १५०० मीटर धरतात. मग हिशेब सोपा आहे. जहाजावरून तळाकडे आवाज सोडला आणि प्रतिध्वनी चार सेकंदांनी परत आला, तर आवाजाचा जाऊन-येऊन प्रवास सहा हजार मीटरांचा झाला. म्हणजे तळ तीन हजार मीटरांवर. डोंगरकड्यापुढे उभे राहून हाक मारणाऱ्या कोणत्याही गुराख्याला हे तत्त्व ठाऊक असते. अवघड होते ते पुरेसा बलवान आवाज काढणे, क्षीण प्रतिध्वनी ऐकणे आणि सेकंदाचा लहानसा अंश मोजणे.

त्या दिशेने पाऊल पडले ते एका दुर्घटनेमुळे. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाले. पाण्याखालचा हिमनग आधी ओळखण्याचा उपाय शोधण्यास अनेक लोक लागले. इंग्लंडमध्ये रिचर्डसन याने पेटंटासाठी अर्ज केला, जर्मनीत बेम याने प्रतिध्वनीवर आधारलेले यंत्र योजिले. २७ एप्रिल १९१४ रोजी अमेरिकेत फेसेंडन याच्या यंत्राने सुमारे दोन मैलांवरील हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला, आणि त्याबरोबरच समुद्रतळाचाही. लगेच महायुद्ध पेटले. हिमनगांची जागा पाणबुड्यांनी घेतली. फ्रान्समध्ये लांजव्हँ याने स्फटिकाच्या चकत्यांना विजेने कंप देऊन मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडण्याची रीत सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धात या साऱ्या विद्येला ‘सोनार’ हे नाव मिळाले. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ते बनले आहे. पण मराठी कानाला ते ऐकताच हातोडी आणि मूस आठवल्यावाचून राहत नाही.

योगायोग असा, की या सोनाराचा सोन्याशीही संबंध आला. १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटिऑर’ हे जर्मन जहाज दक्षिण अटलांटिक महासागर पुनःपुन्हा ओलांडीत होते. पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीवर खंडणीचा प्रचंड बोजा होता. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले सोने काढून तो फेडावा, अशी फ्रिट्झ हाबर या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या रसायनशास्त्रज्ञाची कल्पना होती. सोने मिळाले नाही. पाण्यातले त्याचे प्रमाण अपेक्षेच्या मानाने नगण्य निघाले. मोहिमेचे प्रमुख आल्फ्रेड मेर्त्स हे आरंभीच्याच वर्षी ब्युनॉस आयर्स येथे मरण पावले आणि कप्तान श्पीस यांनी ती पूर्ण केली. परंतु जहाजाने प्रतिध्वनीच्या साहाय्याने सुमारे ६७,००० ठिकाणी खोली मोजून आणली. अटलांटिकच्या मध्यातील तो उंचवटा म्हणजे दक्षिणोत्तर सलग जाणारी खडबडीत पर्वतरांग आहे, हे त्या मापनांनी उघड केले.

त्यापूर्वी, १९२२ साली ‘स्टुअर्ट’ या अमेरिकी युद्धनौकेने न्यूपोर्टपासून जिब्राल्टरपर्यंत न थांबता जाताना नऊ दिवसांत नऊशे मापने घेतली होती. ‘चॅलेंजर’ची साडेतीन वर्षांतील ४९२ मापने त्याशेजारी ठेवून पाहावीत. साधारणतः आपल्या ग्रंथालयाचे शतकही याच सुमारास सुरू होते. आपल्या संस्थापकांनी पेटाऱ्यातील पुस्तके फळीवर मांडली, तेव्हा समुद्राच्या तळाचे पुस्तकही नुकतेच उघडले जात होते.

आपल्या समुद्राची पाने

‘चॅलेंजर’ अरबी समुद्रात आलेच नव्हते. आपल्या समुद्राची पहिली मोठी नोंद झाली ती डॅनिश जहाज ‘डाना’ याच्या १९२८ ते १९३० च्या जगप्रदक्षिणेत. या सफरीस बीअर गाळणाऱ्या कार्ल्सबर्ग कारखान्याच्या प्रतिष्ठानाने द्रव्यसाहाय्य केले होते, म्हणून अरबी समुद्राच्या मध्यातील पर्वतरांगेला ‘कार्ल्सबर्ग रांग’ हे नाव पडले. भिंतीवरच्या नकाशात लहानपणी मी पाहिलेली रांग ती हीच.

पाठोपाठ १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ हे इजिप्तचे जहाज येथे आले. मोहिमेचे प्रमुख होते सेमूर स्युअल; भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालकपद त्यांनी पूर्वी सांभाळलेले होते. ‘चॅलेंजर’वरील तरुण शास्त्रज्ञ जॉन मरे यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशातून ही मोहीम निघाली. म्हणजे एका सफरीतला माणूस आपल्या मृत्यूनंतर दुसरी सफर घडवून गेला. ‘माबाहिस’च्या नोंदींवरून वाइझमन व स्युअल यांनी १९३७ साली अरबी समुद्राच्या तळावर एक निबंध लिहिला. कार्ल्सबर्ग रांगेच्या माथ्यावरून एक खोल घळ लांबवर जाते, आणि तिचे पूर्व आफ्रिकेतील खचदऱ्यांशी साम्य आहे, असे त्यांनी नोंदविले होते. हे निरीक्षण किती मोलाचे होते, ते कळावयास आणखी वीस वर्षे जावी लागली.

टेबलावरचा शोध

ती वीस वर्षे ओलांडताना एका बाईंची हकिकत सांगणे भाग आहे. भिंतीवरच्या त्या नकाशावर बारीक अक्षरांत दोन नावे छापली होती : ब्रूस हीझन आणि मेरी थार्प. लहानपणी ती मी वाचली नाहीत. आपण नकाशा पाहतो, नकाशा करणाराचे नाव पाहत नाही.

मेरी थार्प यांचा जन्म १९२० चा. वडील मातीचे सर्वेक्षण करणारे सरकारी नोकर. त्यांच्या बदल्यांबरोबर गावोगाव हिंडताना मुलीने नकाशे होताना पाहिले. युद्धामुळे पुरुष विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून मिशिगन विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचे दार स्त्रियांना उघडले आणि त्या आत शिरल्या. १९४८ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मॉरिस युइंग यांच्या हाताखाली नोकरीस लागल्या. संशोधन जहाजांवर स्त्रियांना मज्जाव होता. हीझन समुद्रावर जात, प्रतिध्वनीयंत्राच्या कागदी पट्ट्या घेऊन येत, आणि थार्प त्या पट्ट्यांवरील आकडे टेबलावर पसरून त्यांतून तळाचे छेद रेखाटीत.

१९५२ च्या सुमारास उत्तर अटलांटिकचे सहा छेद एकाखाली एक मांडून पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की पर्वतरांगेच्या माथ्यावर बहुतेक प्रत्येक छेदात एक खाच आहे. डोंगराची शिखरे जुळत नव्हती, पण खाच जुळत होती. ही खचदरी असेल, तर तेथे समुद्राचा तळ दुभंगतो आहे, असा अर्थ निघत होता. जर्मनीच्या वेगेनर यांचा भूखंडवहनाचा विचार त्या वेळी अमेरिकी विद्वानांत जवळजवळ पाखंड मानला जाई. हीझन यांनी प्रथम बायकी बडबड म्हणून ही गोष्ट उडवून लावली. पुढे त्याच खोलीत हॉवर्ड फॉस्टर हे सहकारी सागरी भूकंपांची स्थाने दुसऱ्या नकाशावर मांडीत होते. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणावर काढून एकमेकांवर ठेवले, तेव्हा भूकंपांचे ठिपके बरोबर त्या खाचेतून ओळीने गेलेले आढळले. मग शंकेला जागा राहिली नाही. भूकंपांच्या ओळींचा माग घेत ही रांग साऱ्या महासागरांतून, आपल्या कार्ल्सबर्ग रांगेसह, पृथ्वीला वेढून गेलेली आहे, असे दिसून आले.

१९५७ साली उत्तर अटलांटिकचे त्यांचे चित्र प्रसिद्ध झाले. खोलीचे नेमके आकडे अमेरिकी नौदलाने गुप्त ठेवले होते, म्हणून त्यांना समोच्चरेषांचा नकाशा छापता आला नाही. त्याऐवजी, पाणी नाहीसे झाल्यावर विमानातून जसे दिसेल तसे तळाचे चित्र त्यांनी काढले. बंदीतून ही नवी रीत निघाली, आणि तिच्यामुळे सामान्य माणसालाही समुद्राचा तळ डोळ्यांनी दिसला. ऑक्टोबर १९६७ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाबरोबर हिंदी महासागराचा नकाशा निघाला; तो ऑस्ट्रियाचे चित्रकार हाइनरिख बेरान यांनी रंगविला होता. १९७७ साली साऱ्या जगाच्या सागरतळाचा नकाशा तयार झाला. त्याच वर्षी हीझन यांना आइसलंडजवळ एका पाणबुडीत असताना हृदयविकाराने मृत्यू आला.

त्या काळातील कित्येक प्रमुख निबंधांवर थार्प यांचे नाव नव्हते. जहाजावर पाऊल ठेवण्याची संधी त्यांना मिळाली ती १९६८ मध्ये, म्हणजे शोधानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. सन्मान आले ते उतारवयात. २००६ साली त्यांचे निधन झाले. मला या हकिकतीत अन्यायाइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. समुद्राविषयीचा त्या शतकातील एक अत्यंत मोठा शोध समुद्र न पाहता, खोलीत बसून, दुसऱ्यांनी आणलेल्या नोंदी चिकाटीने वाचून लागला. ग्रंथालयात आयुष्य घालविणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अरबी समुद्राची साक्ष

तळ दुभंगतो, हे कळले. पण त्याचा पुरावा हवा होता. तो मिळाला आपल्याच समुद्रात. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. निरनिराळ्या देशांच्या चाळीसहून अधिक जहाजांनी तीत भाग घेतला. भारताच्या नौदलाचे ‘कृष्णा’ हे जहाजही तीत होते. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी कार्ल्सबर्ग रांगेच्या एका भागाची खोली आणि चुंबकत्व बारकाईने मोजले. केंब्रिज येथे त्यांचे विद्यार्थी फ्रेड व्हाइन यांनी ते आकडे अभ्यासले. रांगेच्या दोन्ही अंगांना खडकांचे चुंबकत्व पट्ट्यापट्ट्यांनी उलटसुलट होत जाते, याचा अर्थ त्यांनी असा लावला : फटीतून लाव्हा वर येतो, थिजतो, थिजताना पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय दिशेची खूण अंगावर घेतो आणि दोहो बाजूंना सरकत जातो. १९६३ च्या सप्टेंबरात हा निबंध ‘नेचर’ नियतकालिकात आला. आज शाळेत शिकविल्या जाणाऱ्या भूपट्टांच्या सिद्धान्ताचा तो एक आधारस्तंभ आहे. कार्ल्सबर्ग रांगेशी तळ आजही वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर रुंदावतो आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे थर साचले, त्याच सुमारास सेशेल्स बेटे भारतापासून अलग झाली. आपण ज्या सह्याद्रीकडे पाहतो, त्याच्या जन्मकथेचे पुढचे प्रकरण पाण्याखाली आहे.

या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. डॉ. पणिक्कर तिचे पहिले संचालक; दोना पावलच्या टेकडीवरील तिची वास्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून मँगनीजयुक्त धातूचे गोटे वर काढले. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरांचे क्षेत्र अशा गोट्यांच्या शोधासाठी भारताच्या नावे नोंदले गेले. तेथे पाणी पाच किलोमीटरांहून खोल आहे. एवढ्या क्षेत्राचा नकाशा करावयाचा, तर एकेक बिंदू मोजून भागणार नव्हते.

येथे नवी विद्या कामी आली. जुने यंत्र जहाजाच्या थेट खाली एकच ध्वनिशलाका सोडी. ती खाली जाताना पसरे, त्यामुळे खोल पाण्यात डोंगराचे कंगोरे पुसट होत. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलासाठी अनेक शलाकांचे सोनार तयार झाले आणि १९७७ मध्ये ‘जाँ शार्को’ या फ्रेंच जहाजावर ते प्रथमच शास्त्रज्ञांच्या हाती आले. जहाजाच्या बुडाशी ध्वनिग्राहकांच्या ओळी बसवितात. एका ओळीतून पंख्याच्या आकाराचा ध्वनी आडवा सोडला जातो, दुसरी ओळ निरनिराळ्या कोनांतून येणारे प्रतिध्वनी वेगळे करून ऐकते. त्यामुळे जहाज पुढे सरकते तसतसा, खोलीच्या काही पट रुंद असा तळाचा पट्टा एकदम मोजला जातो. कुणबी एका तासाला लागून दुसरा तास घालतो, तसे जहाज पट्ट्याला पट्टा जोडीत जाते. लाटांवर जहाज किती डोलले, पाण्याच्या थराथरांत उष्णता व खारटपणा किती, कारण त्यांनी ध्वनीचा वेग बदलतो, या साऱ्यांची वजाबाकी संगणक करतो. १९८३ साली भारताच्या सेवेत आलेल्या ‘सागर कन्या’ या जहाजावर अशी यंत्रणा १९९० च्या सुमारास बसविण्यात आली.

त्या कामाच्या खुणा आता नकाशावर नावांच्या रूपाने उमटल्या आहेत. अरबी समुद्राच्या तळावर रामन रांग आहे, पणिक्कर सागरी पर्वत आहे आणि वाडिया गायो आहे. गायो म्हणजे सपाट माथ्याचा सागरी डोंगर. हिमालयाचे थोर भूशास्त्रज्ञ दाराशा वाडिया यांचे शिक्षण बडोद्याच्या महाविद्यालयात झाले होते, हे तेथील आपल्या मराठी बांधवांना वाचून समाधान वाटेल.

न वाचलेली पाने

एवढे झाल्यावर समुद्राचा तळ आता पुरता कळला असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे सूक्ष्म चढउतार मोजून तळाचा ढोबळ अंदाज देतात, परंतु त्यांची रेडिओलहर पाण्यातून पार होत नाही. तळाचे नेमके मोजमाप जहाजानेच करावे लागते. २०१७ मध्ये निप्पॉन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने, २०३० पर्यंत साऱ्या सागरतळाचा नकाशा पूर्ण करण्याचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, तेव्हा असे मोजलेले क्षेत्र केवळ ६ टक्के होते. २०२५ च्या मध्यापर्यंत ते सुमारे २७ टक्क्यांवर गेले. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश तळ अजून अथांगच आहे.

ही केवळ विद्वानांची अडचण नव्हे. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचे प्रवासी विमान दक्षिण हिंदी महासागरात नाहीसे झाले, तेव्हा शोध घेण्यापूर्वी त्या भागातील डोंगरदऱ्यांचाच नकाशा आधी करावा लागला. विमान सापडले नाही. एकोणिसाव्या शतकातील दोन बुडालेली जहाजे मात्र सापडली. जानेवारी २००५ मध्ये एक अमेरिकी पाणबुडी नकाशात न दाखविलेल्या सागरी पर्वतावर आदळली आणि तिच्यावरील एका खलाशाचा मृत्यू झाला. त्याच्या काही दिवस आधी, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामीने हिंदी महासागराच्या काठावर लाखो माणसांचा बळी घेतला. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोलीवर तो ताशी सातशे किलोमीटरांच्या घरात असतो, उथळात मंदावतो आणि लाट उंच होते. कोणत्या गावी ती किती वेळात पोचेल, हे सांगण्यासाठी तळाचा नकाशा लागतो. हैदराबाद येथे २००७ पासून भारताचे त्सुनामी इशारा केंद्र काम करीत आहे. त्याच्या गणिताचा पायाही हाच नकाशा आहे. तारवावर हात पसरून वाव मोजणाऱ्या तांडेलाच्या मनात जी चिंता होती, आपली माणसे सुखरूप घरी जावीत ही, तीच या संगणकांच्या मुळाशी आहे.

नकाशाबरोबर लोभही येतो, हे विसरता कामा नये. धातूंच्या गोट्यांसाठी खोल तळ खणावा की नाही, यावर जगभर वाद चालू आहे. तेथील जीवसृष्टी फार सावकाश वाढते. उद्ध्वस्त झाल्यास ती सावरण्यास किती काळ जाईल, याचा अंदाज करणेही कठीण. खाणींनी डोंगरांचे आणि गावांचे काय होते, हे गोव्याच्या माणसाने पाहिले आहे. जे मोजले ते उपसलेच पाहिजे, असा नियम नाही, एवढे भान आपण ठेवावे.

शेवटी पुन्हा त्या भिंतीकडे वळतो. कालांतराने तो नकाशा घड्यांवर फाटला, दमट हवेने कडा कुजल्या. तो काढून टाकावा, असा विचार एकदा झालाही होता. तेव्हा वाचनालयातील एका वृद्ध सेवकांनी खळ शिजवून, जुन्या धोतराचे कापड मागे लावून तो पुन्हा उभा केला. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते, पण नकाशा फेकावयाचा नसतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. त्या कापडाच्या जोरावर तो आणखी कित्येक वर्षे टिकला, आणि आमच्यासारख्या मुलांनी त्यात समुद्राचा तळ पाहिला. ‘माबाहिस’वरच्या नोंदी कोणी तरी जपल्या, म्हणून पुढच्यांना वाचता आल्या. कागदी पट्ट्या कोणी तरी सांभाळल्या, म्हणून थार्प यांना ती खाच दिसली. शंभर वर्षे आपल्या ग्रंथालयानेही हेच केले आहे : आज कोणी न मागितलेले पुस्तक उद्याच्या वाचकासाठी जागेवर ठेवले आहे. त्या उद्याच्या वाचकाचा थांग कोणालाच लागत नाही. त्याच्यासाठी दिवा लावून दार उघडे ठेवणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांना, या शताब्दीच्या निमित्ताने, माझा सादर नमस्कार.